प्रजासत्ताक दिनाला लागून घेतलेली रजा : दोन दिवस की चार?

हजेरीपट :
नमस्कार. एका मध्यम आकाराच्या खाजगी आस्थापनेत गेली चौदा वर्षे मी हजेरी आणि पगारपत्रकाचे काम पाहतो. गेल्या आठवड्यात घडलेल्या एका प्रसंगामुळे मी माझ्याच कामाविषयी अस्वस्थ झालो आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, २६ जानेवारी सोमवारी आली. आमच्या एका सहकाऱ्याने शनिवार २४ आणि मंगळवार २७ अशा दोन दिवसांच्या रजेचा रीतसर अर्ज दिला होता आणि तो मंजूरही झाला होता. मधला रविवार साप्ताहिक सुट्टीचा होता आणि सोमवार प्रजासत्ताक दिनाचा. जानेवारीचा पगार निघाला तेव्हा त्याच्या खात्यातून चार दिवसांची अर्जित रजा वजा झालेली होती. तो माझ्याकडे आला आणि आवाज न चढवता एवढेच म्हणाला, "साहेब, सव्वीस जानेवारीची सुट्टी सगळ्यांनाच होती. मग ती माझ्या एकट्याच्या रजेतून का कापली?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. रजेच्या दोन दिवसांच्या मध्ये सापडलेली सुट्टीसुद्धा रजाच धरावी, हा ज्याला सगळे 'सँडविच' म्हणतात तो नियम काही वर्षांपूर्वी पगाराच्या प्रणालीत मीच भरला होता आणि तो कुठून आला हे तेव्हा मी कोणालाही विचारले नव्हते.

हा नियम कायद्यात बसतो का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. त्याला जोडूनच दुसरा असा की, राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावलेल्या माणसाला आम्ही आजवर दुप्पट पगार किंवा बदली सुट्टी यांपैकी एक काहीतरी देत आलो आहोत. हे तरी बरोबर आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कलमवाचक :
हजेरीपट, आपण प्रश्न मोकळेपणाने मांडलात म्हणून थोडे मुळापासून लिहिते. मी काही वर्षे कामगार कायद्यांच्या सल्ल्याचे काम केले आहे आणि माझा अनुभव असा की, सुट्टीविषयीचे निम्मे गोंधळ 'सरकारी सुट्ट्यांची यादी' या एका शब्दप्रयोगातून जन्माला येतात.

राज्य शासन दरवर्षी जी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी जाहीर करते, ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम २५ खाली असते. हा कायदा हुंडी, वचनचिठ्ठी आणि धनादेश यांचा आहे. हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आधीच्या कामाच्या दिवशी देय मानावी, असे ते कलम सांगते. बँका आणि शासकीय कार्यालये त्या यादीप्रमाणे बंद राहतात, मात्र खाजगी आस्थापनेने त्या यादीतील प्रत्येक दिवशी भरपगारी सुट्टी दिली पाहिजे असे या कायद्याने ठरत नाही. २२ जानेवारी २०२४ रोजी राज्यात अशी सार्वजनिक सुट्टी ऐनवेळी जाहीर झाली, तेव्हा कित्येक ठिकाणी "आता आम्हाला दुप्पट पगार मिळणार का" असा प्रश्न उभा राहिला होता. त्याचे उत्तर त्या अधिसूचनेत नव्हते, तर ज्या त्या आस्थापनेला लागू असलेल्या कामगार कायद्यात आणि तिथल्या करारात होते.

खाजगी दुकाने आणि कार्यालयांसाठी पाहायचा तो महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७. त्याच्या कलम १८ मध्ये वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या दिलेल्या आहेत. त्यांपैकी चार ठरलेल्या आहेत : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या सुट्ट्या मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी आपसांत ठरवायच्या आहेत. 'ठरवायच्या' या शब्दाकडे लक्ष द्यावे, कारण बहुतेक ठिकाणी त्या ठरवल्या जात नाहीत, फक्त फलकावर लावल्या जातात. त्याच कलमात आठ दिवसांची किरकोळ रजाही आहे. दोन्ही आकडे आठच असल्यामुळे "तुमच्या आठ सुट्ट्या दिल्या की" असे सांगून किरकोळ रजा गिळंकृत केल्याची प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत. हे दोन वेगळे हक्क आहेत, आणि तिसरा हक्क अर्जित रजेचा : २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस.

आता तुमच्या सहकाऱ्याचा प्रश्न. कारखान्यांसाठी कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्ये याचे उत्तर स्पष्ट शब्दांत दिलेले होते : रजेच्या काळात किंवा तिच्या कोणत्याही टोकाला येणाऱ्या सर्व सुट्ट्या वगळूनच रजा मोजायची. म्हणजे 'सँडविच'ला तिथे जागाच नव्हती. दुकाने कायद्याखालच्या आस्थापनेबाबत माझे म्हणणे असे की, प्रजासत्ताक दिनाची सुट्टी कायद्याने भरपगारी दिलेली असताना तोच दिवस कामगाराच्या अर्जित रजेतून वळता करणे म्हणजे त्याच्याच खिशातील पैशाने त्याला सुट्टी देणे होय. तुम्ही त्याचे दोन दिवस परत करावेत असे मला वाटते.

लघुउद्योजक :
मी मालकाच्या बाजूने लिहितो आहे, तरी कृपया पूर्ण वाचावे. माझ्याकडे पंचवीस माणसे कामाला आहेत आणि सुट्ट्या द्याव्यात याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मात्र 'सँडविच' नियम कोणी दुष्टपणाने काढला, असे कृपया समजू नये. सोमवारी किंवा शुक्रवारी सुट्टी आली की आधीच्या आणि नंतरच्या दिवशी निम्मी माणसे गैरहजर राहतात, त्यातली काही न सांगता राहतात, आणि ज्या ग्राहकाला माल वेळेवर पोहोचवायचा असतो त्याला प्रजासत्ताक दिनाचे कारण चालत नाही. त्या धास्तीने आम्ही हा नियम लावला होता. दुसरी अडचण पैशांची आहे. सुट्टीच्या दिवशी बोलावले तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टीही द्यायची, हे लहान धंद्याला झेपत नाही. दोन्हींपैकी एक दिले तर पुरेसे नाही का?

कलमवाचक :
आपली अडचण खरी आहे, म्हणून तिचे दोन भाग करून पाहू. न सांगता गैरहजर राहणाऱ्या माणसाला त्या गैरहजेरीच्या दिवसाचा पगार न देण्याचा मार्ग आपल्याला मोकळाच आहे आणि शिस्तीची कारवाईही आपण करू शकता. परंतु ज्याने अर्ज दिला, ज्याचा अर्ज आपणच मंजूर केला, त्याला न सांगता राहणाऱ्याच्या रांगेत बसवणे अन्यायाचे आहे. रजा अडचणीच्या दिवसाची असेल तर ती कारण सांगून नामंजूर करावी. मंजूर करून नंतर दामदुपटीने वसूल करू नये.

राहिला 'किंवा'चा प्रश्न. कलम १८ मध्ये त्या जागी 'आणि' आहे. या आठ दिवसांपैकी कोणत्याही दिवशी कामावर बोलावण्याचा अधिकार मालकाला आहे, पण त्यासाठी सरासरी दैनिक वेतनाच्या दुप्पट रक्कम आणि त्या सुट्टीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी रजा, अशी दोन्ही द्यावी लागतात. मासिक पगारदाराच्या बाबतीत त्या दिवसाचे एकपट वेतन महिन्याच्या पगारात आधीच आलेले असते, त्यामुळे हिशोब आपल्याला वाटतो तितका जड नसतो. समजा महिन्याचा पगार २०,८०० रुपये आहे आणि आपण २६ ने भागता, म्हणजे दिवसाचे ८०० रुपये झाले. तो माणूस १ मे रोजी कामावर आला तर पगारपत्रकात आणखी ८०० रुपये दाखवायचे, म्हणजे त्या दिवसाचे १,६०० होतात, आणि पुढे एक भरपगारी बदली सुट्टी द्यायची. हाच माणूस रोजंदारीवर असेल तर पूर्ण १,६०० रुपये वेगळे दाखवावे लागतील. कित्येक ठिकाणी मासिक पगारदाराला "पगारात सगळे आले" म्हणून काहीच मिळत नाही आणि रोजंदाराला एकपट देऊन दुप्पट दिल्याची सही घेतली जाते, हे मी मुद्दाम नोंदवते.

तिसरी पाळी :
वरची चर्चा दिवसपाळीची झाली. रात्रपाळीवाल्यांचे दुखणे वेगळे आहे आणि ते फारसे कोणी लिहीत नाही. आमची पाळी रात्री दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला सुटते. १४ ऑगस्टच्या रात्री दहाला आत गेलेला माणूस १५ ऑगस्टच्या सकाळी सहाला बाहेर पडतो. आता १५ ऑगस्टची सुट्टी त्याला कधी मिळाली? मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो तिथे हजेरीचे यंत्र १५ तारखेला सकाळी सहाची नोंद पाहून "हा सुट्टीच्या दिवशी हजर होता" असे धरत असे, पण दुप्पट पगार मात्र "पाळी चौदाची होती" असे सांगून नाकारत असत. त्याच माणसाला १५ च्या रात्री दहाला पुन्हा बोलावत, कारण "ती पाळी सोळाची". एकाच माणसाची सुट्टी दोन्ही बाजूंनी नाहीशी व्हायची आणि कागदावर कुठेही चूक दिसायची नाही.

अनेक महिने भांडल्यावर आम्हाला कारखाने अधिनियमाच्या कलम ५७ चा आधार मिळाला. ज्याची पाळी मध्यरात्रीच्या पुढे जाते, त्याच्या बाबतीत सुट्टीचा पूर्ण दिवस म्हणजे त्याची पाळी संपल्यापासूनचे सलग चोवीस तास आणि मध्यरात्रीनंतरचे त्याचे तास आदल्या दिवसात मोजायचे, असे ते कलम सांगत होते. ते साप्ताहिक सुट्टीसाठी लिहिलेले होते, तरी राष्ट्रीय सुट्टीलाही तेच तत्त्व लावावे असे आम्ही करारात लिहून घेतले. त्यानंतर १५ ऑगस्टला सकाळी सहाला सुटलेला माणूस थेट १६ तारखेच्या रात्री दहाला येऊ लागला. हजेरीपट साहेब, आपल्याकडे रात्रपाळी असेल तर यंत्रात तारीख कोणत्या क्षणी बदलते हे एकदा स्वतः पाहून घ्या. आमचे सगळे भांडण त्या एका नोंदीत अडकलेले होते.

हजेरीपट :
तिसरी पाळी, आमच्याकडे रात्रपाळीला फक्त सुरक्षारक्षक असतात आणि ते ठेकेदाराकडचे आहेत. त्यांच्या सुट्ट्यांचा हिशोब मी आजवर पाहिलेलाच नाही, हे लिहिताना लक्षात येत आहे.

सफाई विभाग :
हजेरीपट साहेब, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मला लिहायचे आहे. मी ठेकेदाराकडे सफाई कामगारांची पर्यवेक्षक म्हणून काम करते. आमच्या बायकांना २६ जानेवारी, १ मे या सुट्ट्या मिळतात, म्हणजे त्या दिवशी इमारत बंद असते म्हणून त्यांना येऊ नका असे सांगितले जाते. पगार मात्र मिळत नाही. ज्यांची कार्यालये आम्ही झाडतो त्यांचे कर्मचारी घरी बसून पूर्ण पगार घेतात आणि आमच्या बाईचा एक रोज बुडतो. मोठ्या सणाच्या महिन्यात दोन-तीन रोज बुडाले की तिचे सगळे गणित कोलमडते. ज्या सुट्टीची ती वाट पाहायची, त्याच सुट्टीची तिला धास्ती वाटू लागते.

ठेकेदार म्हणतो की मूळ मालक, म्हणजे ज्याच्या कार्यालयाचे काम ठेक्याने दिलेले आहे तो, फक्त हजेरीचे दिवस मोजून बिल मंजूर करतो. मूळ मालक म्हणतो की दर ठरवतानाच सगळे धरलेले आहे. मी दोघांचे कागद पाहिले आहेत. निविदेत रोजाचा दर किमान वेतनाइतका, त्यावर भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा आणि ठेकेदाराचा नफा, असे सगळे मांडलेले असते. सुट्टीच्या पगाराची ओळ मात्र त्यात नसते. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या तर ३१३ दिवस उरतात. त्यातल्या आठ दिवशी काम नसून पगार द्यायचा असेल, तर ३१३ दिवसांचा पगार ३०५ दिवसांच्या बिलातून निघाला पाहिजे. म्हणजे दरात साधारण २.६ टक्के वाढ धरली तरच तो निघतो. एवढीशी ओळ न लिहिल्यामुळे शेकडो बायकांचे आठ-आठ रोज दरवर्षी जातात. तुमच्यासारख्या पगारपत्रक करणाऱ्या माणसांनी ठेकेदाराच्या बिलासोबत सुट्टीच्या दिवसाचे वेतनपत्रक मागितले, तर हे एका महिन्यात सुधारेल. आम्ही मागून काही होत नाही.

कलमवाचक :
सफाई विभाग ताई, आपण फार मोलाचे लिहिलेत. यात आणखी एक नुकसान दडलेले आहे, ते लगेच दिसत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या कायद्यात मूळ वेतनाची व्याख्या करताना कामावर असतानाचे वेतन आणि भरपगारी रजा किंवा सुट्टीतील वेतन अशी दोन्ही धरलेली आहेत, म्हणून सुट्टीचा पगार बुडाला की त्यावरची वर्गणीही बुडते. राज्य विमा योजनेत तर दिवसांचीच मोजणी असते. आजारपणाचा लाभ मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते आणि वेतन देय असलेली सुट्टी त्या मोजणीत येते. ज्या बाईचे काम आधीच तुटक आहे, तिच्या बाबतीत दोन-तीन बुडालेल्या सुट्ट्यांमुळे वर्गणीच्या दिवसांची संख्या ७८ च्या खाली जाऊ शकते आणि पुढच्या काळात आजारी पडल्यावर लाभ नाकारला जाऊ शकतो. तेव्हा "एका दिवसाचाच तर प्रश्न आहे" असे कोणी म्हणाले की मला राहवत नाही.

लघुउद्योजक :
ताई, आपला हिशोब मी आमच्या ठेक्याच्या कागदाशी ताडून पाहिला. आमच्याही निविदेत ती ओळ नाही. पुढच्या नूतनीकरणात ती घालतो आहे.

माझी एक शंका मात्र उरते. २०२५ मध्ये २६ जानेवारी रविवारी आली आणि २ ऑक्टोबर व दसरा एकाच दिवशी आले. आमच्या यादीत दसरा होता, त्यामुळे आठ सुट्ट्यांच्या प्रत्यक्षात सहाच झाल्या आणि कामगार नाराज झाले. यंदाही १ मे आणि बुद्धपौर्णिमा एकाच दिवशी आहेत, आणि २०२७ मध्ये १५ ऑगस्ट रविवारी येतो. अशा वेळी बदली सुट्टी द्यायला आम्ही बांधील आहोत का?

कलमवाचक :
ठरलेल्या चार दिवसांची तारीख कायद्यानेच नेमून दिलेली आहे, त्यामुळे २६ जानेवारी रविवारी आली तर ती सोमवारी सरकवण्याची सक्ती त्या कलमात नाही. करारात तसे कबूल केले असेल तर गोष्ट वेगळी. सणांच्या चार सुट्ट्या मात्र आपल्या हातातल्या आहेत. २ ऑक्टोबरला येणारा दसरा त्या चारांत धरणे म्हणजे एक जागा वाया घालवणे होते. पंचांग आधीच उपलब्ध असते. डिसेंबरात दोन्ही पक्षांनी एकत्र बसून तारखा समोर ठेवल्या असत्या, तर त्या जागी दुसरा सण आला असता. वर्ष सुरू होण्यापूर्वी ठरवा, असे कायदा म्हणतो ते यासाठीच. चंद्रदर्शनावर अवलंबून असलेल्या किंवा शासन ऐनवेळी पुढेमागे करते अशा सुट्ट्यांसाठी यादीत एक वाक्य आवर्जून घालावे. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आल्यामुळे राज्य शासनाने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली होती. ज्यांच्या यादीत फक्त '२८ सप्टेंबर' असे छापलेले होते, त्यांच्याकडे त्या दिवशी कोणती सुट्टी समजायची हाच प्रश्न उरतो. सणाचे नाव लिहावे आणि तारीख शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे राहील असे नमूद करावे.

आणखी एक सुट्टी कोणत्याच यादीत नसते, ती मतदानाची. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५ (ब) प्रमाणे मतदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते आणि रोजंदारीवरचा माणूसही त्यात येतो. कामगाराच्या अनुपस्थितीने धोका किंवा मोठे नुकसान होण्याची शक्यता असेल, तेवढीच कामे त्यातून वगळली आहेत. ही सुट्टी आठमध्ये धरू नये.

जुना खातेदार :
मी बँकेतून निवृत्त झालो आहे, म्हणून एकच मुद्दा लिहितो. "बँकेला सुट्टी होती, म्हणून पगार उशिरा झाला" हे कारण आता देता येत नाही. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवण्याच्या प्रणालींपैकी एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून आणि पगाराच्या एकगठ्ठा भरण्यासाठी वापरली जाणारी एनएसीएच १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. नव्या वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत व्हायला हवा. नोकरी सोडणाऱ्याच्या अंतिम हिशोबाला तिथे कामाचे दोन दिवस दिले आहेत, त्यामुळे मध्ये सुट्टी आली तर तेवढ्यापुरती सवलत मिळते, मासिक पगाराला नाही.

तिसरी पाळी :
नव्या संहितांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही श्रमसंहिता लागू झाल्या आणि कारखान्यातील वार्षिक रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवसांच्या कामाची अट आली. आमच्याकडे वर्षाच्या मध्यात लागलेल्या कितीतरी मुलांना याचा फायदा होईल. मात्र पगारपत्रकाच्या प्रणालीत २४० हा आकडा अजून तसाच असेल, तर तो कोणी बदलायला सांगेपर्यंत बदलणार नाही.

हजेरीपट :
सर्वांचे मनापासून आभार. काल मी गेल्या तीन वर्षांच्या रजेच्या नोंदी काढून बसलो. आठ भरपगारी सुट्ट्यांपैकी एखादी सुट्टी रजेच्या मध्ये सापडली आणि ती रजेतून वजा झाली, अशा एकोणतीस नोंदी मिळाल्या. त्यांतली एक नोंद माझी स्वतःचीही आहे आणि ती माझ्याही लक्षात आली नव्हती. व्यवस्थापकांसमोर मी कलम आणि नोंदी दोन्ही ठेवल्या. राष्ट्रीय आणि ठरलेल्या सणांच्या सुट्ट्या रजेतून परत खात्यात जमा करायला त्यांनी संमती दिली आहे. साप्ताहिक सुट्टीबाबत निर्णय अद्याप झालेला नाही, त्यासाठी पुढच्या सोमवारी पुन्हा बसायचे आहे.

ज्याच्यामुळे हा विषय निघाला त्याच्या खात्यात सोमवार २६ जानेवारीचा दिवस आज जमा केला आणि दुरुस्त पगार पावती त्याच्या हातात दिली. रविवारचा दिवस अजून बाकी आहे, हेही त्याला सांगितले. सुरक्षारक्षकांच्या ठेकेदाराकडे जानेवारीच्या बिलासोबत प्रजासत्ताक दिनाचे वेतनपत्रक मागणारे पत्र पाठवले आहे. ते आल्यावर त्यातील आकडे इथे लिहीन. सफाई विभाग ताई, तेव्हा ते तुम्ही एकदा तपासून द्याल का?

सफाई विभाग :
नक्की देईन. त्यांना वेतनपत्रकासोबत राज्य विम्याचे चलनही मागा, म्हणजे २६ तारखेचा दिवस वर्गणीत धरला की नाही तेही कळेल.